बिनपगारी सुपरस्टार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

व्हिएतनाम युद्धाच्या काळात हनोईच्या नभोवाणीवरून एक बाई इंग्रजीतून बोलत असे. त्रिन्ह थी न्गो हे तिचे नाव. तिचा कार्यक्रम दक्षिणेत लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी असे. मेलेल्या सैनिकांची नावे ती वाचून दाखवी, अमेरिकन गाणी लावी आणि हे युद्ध तुमचे नाही, घरी परत जा, असे शांत आवाजात सांगे. सैनिकांनी तिला 'हनोई हॅना' असे टोपणनाव दिले होते.

१९६६ साली हे नाव न्यूयॉर्कमधल्या एका विलक्षण चित्रपटात उमटले. चित्रपटाचे नाव 'चेल्सी गर्ल्स'. त्यातली हनोई हॅना म्हणजे हॉटेलच्या खोलीत बसलेली एक उंच, करारी चेहऱ्याची अमेरिकन मुलगी. खोलीतल्या इतर मुलींवर ती हुकूम सोडते, त्यांना टोचून बोलते, छळते. आवाज चढवत नाही, हातवारे करत नाही. तिच्या त्या थंडपणानेच पाहणाऱ्याला अस्वस्थ व्हायला होते. ही भूमिका करणारी मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचे नाव मेरी वोरोनॉव्ह.

आज मी तुम्हाला या मेरीची गोष्ट सांगणार आहे. तिला ऑस्कर मिळाले नाही, मोठ्या स्टुडिओने तिला नायिका केले नाही. पण ज्यांना 'अंडरग्राउंड' आणि 'कल्ट' म्हणतात त्या चित्रपटांचा अमेरिकेतला चार दशकांचा इतिहास तिच्या एकटीच्या कामातून सांगता येतो. तो सांगताना एक प्रश्न मात्र सतत मध्ये येतो. चेहरा नटाचा, घाम नटाचा. मग त्यातून जे निर्माण होते ते कोणाचे?

आधी या दोन शब्दांचा उलगडा करू. 'भूमिगत' म्हटले की आपल्याला बेचाळीसची चळवळ आठवते, मुंबईतले उषा मेहतांचे गुप्त नभोवाणी केंद्र आठवते. न्यूयॉर्कमधले चित्रपटवाले तसे भूमिगत नव्हते. पण पोलिसांचा त्रास त्यांनाही होता. सेन्सॉरची संमती नाही, वितरक नाही, थिएटर नाही, अशा अवस्थेत सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर हे लोक चित्रपट काढत आणि मिळेल त्या सभागृहात दाखवत. लिथुआनियातून निर्वासित म्हणून आलेला कवी जोनास मेकास हा त्यांचा आधारस्तंभ. १९६२ साली त्याने इतरांबरोबर चित्रपट काढणाऱ्यांची एक सहकारी संस्था उभी केली. १९६४ मध्ये जॅक स्मिथचा 'फ्लेमिंग क्रीचर्स' दाखवला म्हणून पोलिसांनी चित्रपट जप्त केला आणि मेकासवर अश्लीलतेचा खटला भरला. हे झाले 'अंडरग्राउंड'.

'कल्ट' हा शब्द चित्रपट कसा काढला याबद्दल नसतो, तो कसा पाहिला गेला याबद्दल असतो. प्रदर्शित झाल्यावर पडलेला किंवा कोणी फारसा न पाहिलेला चित्रपट मागाहून काही लोक उराशी धरतात, पुन्हा पुन्हा पाहतात, त्यातली वाक्ये तोंडपाठ करतात. १९७० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात 'एल टोपो' हा चित्रपट मध्यरात्री दाखवायला सुरुवात झाली आणि मध्यरात्रीच्या खेळांची रीतच पडली. आपण वारकरी म्हणतो तसे हे चित्रपटांचे वारकरी. मेरीच्या वाट्याला आधी अंडरग्राउंड आले आणि मग कल्ट.

मेरीचा जन्म १९४३ चा, फ्लोरिडातला. वाढली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. घरची स्थिती चांगली होती. शिल्पकला शिकायला ती कॉर्नेल विद्यापीठात गेली. विद्यापीठाच्या सहलीत एका चित्रकाराचा स्टुडिओ पाहायला गेली आणि तिथेच गुंतली. तो चित्रकार अँडी वॉरहॉल. सुपाच्या डब्यांची आणि मॅरिलिन मन्रोची चित्रे काढून तो तेव्हा गाजत होता. पूर्व बाजूच्या ४७ व्या रस्त्यावरच्या त्याच्या स्टुडिओला सगळे 'फॅक्टरी' म्हणत. भिंती चंदेरी कागदाने मढवलेल्या. कवी, गायक, श्रीमंतांच्या मुली, घरातून पळालेली पोरे, बाईच्या वेषात वावरणारे पुरुष, नशेबाज अशी सगळी जत्रा तिथे भरलेली असे. वॉरहॉल त्यांच्यातल्या काहींना 'सुपरस्टार' म्हणे. स्टार व्हायला हॉलिवूड लागते, सुपरस्टार व्हायला वॉरहॉलचा कॅमेरा पुरेसा.

या कॅमेऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण मेरीचा अभिनय समजायचा तर तो समजला पाहिजे. फॅक्टरीत नवा माणूस आला की बऱ्याचदा त्याची 'स्क्रीन टेस्ट' घेतली जाई. खुर्चीवर बसायचे, समोर कॅमेरा, चेहऱ्यावर प्रखर दिवा. हलायचे नाही, शक्यतो पापणीही लववायची नाही. शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपे. दाखवताना ते मुद्दाम कमी वेगाने दाखवत, त्यामुळे पडद्यावर तेच चार मिनिटांपेक्षा जास्त चाले. ऐकायला सोपे वाटते. पण काहीही न करता, कोणी काहीही न सांगता, पावणेतीन मिनिटे भिंगाकडे बघत बसून पाहा. पहिले अर्धे मिनिट माणूस आपला ठेवणीतला चेहरा लावून बसतो. मग तो चेहरा टिकेनासा होतो. गालाचा स्नायू हलतो, डोळ्यांत पाणी येते, खरा माणूस बाहेर डोकावतो. वॉरहॉलला तेच हवे असे. १९६४ ते १९६६ या काळातल्या अशा साडेचारशेहून जास्त टेस्ट आज जपलेल्या आहेत. मेरीचीही त्यांत आहे. ती कॅमेऱ्याला शरण जात नाही. ती उलट त्याच्याकडे बघते.

बोलपटांसाठी वॉरहॉल ऑरिकॉन नावाचा कॅमेरा वापरी. त्यात बाराशे फुटांचे रीळ बसे, म्हणजे साधारण तेहतीस मिनिटांचे चित्रीकरण. मधे 'कट' नाही, दुसरा टेक नाही. रीळ संपले की दृश्य संपले. रोनाल्ड टॅव्हेल हा नाटककार काही चित्रपटांसाठी संवाद लिहून देई, पण नटांनी ते पाठ केलेले असतच असे नाही. मग तेहतीस मिनिटे भरायची कशाने? बहुतेक जण बडबड करत, भांडत, रडत, स्वतःच्या आयुष्यातल्या जखमा उघड्या करत. प्रेक्षकही त्यासाठीच येत. मेरीने वेगळा मार्ग काढला. तिने एक पात्र उभे केले, ताठ, थंड, कोणाचीही गय न करणारे, आणि त्याच्या आड स्वतःला सुरक्षित ठेवले. माझ्या मते फॅक्टरीतल्या गर्दीत 'अभिनय' या शब्दाला पात्र असे काम करणाऱ्या थोड्यांपैकी ती एक होती.

'चेल्सी गर्ल्स'मध्ये अशी बारा रिळे आहेत. ती एकापाठोपाठ एक दाखवत नाहीत. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावतात आणि पडद्यावर एका वेळी दोन रिळे दिसतात. आवाज बहुधा एकाचाच. सव्वातीन तासांहून अधिक काळ प्रेक्षकाने एका डोळ्याने इकडे आणि एका डोळ्याने तिकडे पाहायचे. १९६६ च्या सप्टेंबरात मेकासच्या सिनेमाथेकमध्ये तो लागला. गर्दी झाली. डिसेंबरात तो ५७ व्या रस्त्यावरच्या नेहमीच्या, तिकीटबारीवर चालणाऱ्या थिएटरात गेला. अंडरग्राउंड चित्रपट वर आला तो असा. काही थोड्या हजार डॉलरांत काढलेल्या चित्रपटाने पैसा मिळवायला सुरुवात केली.

आणि इथेच प्रश्न उभा राहिला. पैसा कोणाचा? आपल्याकडे नाटकातल्या नटाला प्रयोगागणिक 'नाइट' मिळते. फॅक्टरीत नाइट नव्हती, पगार नव्हता, करार नव्हता. कधी हातावर थोडेफार पैसे टेकवले जात, आणि मॅक्सेस कॅन्सस सिटी या हॉटेलात वॉरहॉलच्या मंडळींना उधारीवर जेवता येई. हॉटेलचा मालक त्या उधारीच्या बदल्यात चित्रे घेई. प्रसिद्धी हेच मानधन, असा सगळा मामला. मेरीने कसल्याही कागदावर सही केलेली नव्हती. तिच्या आईच्या हे लक्षात आले आणि तिने वॉरहॉलवर दावा लावला. ही हकिगत मेरीनेच पुढे सांगितली. वॉरहॉलला पैसे मोजावे लागले.

कलेच्या इतिहासात हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. केवढी थोर नवी चळवळ, आणि त्यात ही आई हिशेब मागते! मला मात्र त्या आईचे म्हणणे साधे आणि रास्त वाटते. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर तुम्ही तिकिटे विकता, तिची संमती कुठे आहे? त्या अद्भुत चंदेरी खोलीत हा प्रश्न विचारायचे इतर कोणाला सुचले नव्हते, किंवा सुचले तरी धीर झाला नव्हता. त्या काळातल्या मंडळींचे पुढे काय झाले हे पाहिले की प्रश्नाचे वजन कळते. एडी सेजविक १९७१ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. अँड्रिया फेल्डमनने १९७२ मध्ये इमारतीवरून उडी टाकली. कँडी डार्लिंग १९७४ मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. 'चेल्सी गर्ल्स'मध्ये मेरीबरोबर त्याच खोलीत बसलेली इंग्रिड सुपरस्टार १९८६ च्या अखेरीस घराबाहेर पडली ती पुन्हा कोणाला दिसली नाही. या सगळ्याचा दोष एका वॉरहॉलच्या माथी मारणे बरोबर नाही. नशा होती, काळ होता, ज्याचा त्याचा स्वभाव होता. पण सुपरस्टार म्हणवणाऱ्यांच्या पाठीशी काहीच नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

मेरी मात्र वेळेत बाहेर पडली. १९६६ च्या वसंतात ती व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या वाद्यवृंदाबरोबर फिरली होती. वादक वाजवत, त्यांच्या अंगावर वॉरहॉलचे चित्रपट आणि रंगीत दिवे पडत आणि समोर मेरी आणि कवी जेरार्ड मलांगा चाबूक घेऊन नाचत. वर्षा-दोन वर्षांत हे मागे पडले. ती रंगभूमीकडे वळली. जॉन व्हॅकारोच्या 'प्लेहाउस ऑफ द रिडिक्युलस'मध्ये तिने कामे केली. या मंडळींची नाटके म्हणजे विडंबन, अचाट वेषभूषा आणि शिष्टाचाराची यथेच्छ टिंगल. १९६७ सालच्या 'कॉन्क्वेस्ट ऑफ द युनिव्हर्स' या नाटकात ती होती. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड रेब यांच्या 'बूम बूम रूम' या नाटकात ती लिंकन सेंटरच्या मोठ्या रंगमंचावर उभी राहिली आणि त्या कामासाठी तिला थिएटर वर्ल्ड पुरस्कार मिळाला. म्हणजे हे बाईला 'येत' होते. कोणी उचलून कॅमेऱ्यासमोर बसवलेली बाहुली ती नव्हती.

याच सुमारास तिने दिग्दर्शक थिओडोर गर्शुनी याच्याशी लग्न केले आणि त्याच्या तीन चित्रपटांत काम केले. त्यातला 'सायलेंट नाइट, ब्लडी नाइट' हा १९७२ चा भयपट आमच्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. या चित्रपटावरचा मालकी हक्कच उरला नाही, तो सार्वजनिक मालकीचा झाला. त्यामुळे उत्तररात्रीच्या टेलिव्हिजनवर, स्वस्त कॅसेटवर, नंतर डीव्हीडीच्या जुडग्यांवर तो अमेरिकाभर पसरला. असंख्य लोकांनी मेरीला प्रथम पाहिले ते यात. पण तो कितीही वेळा दाखवला गेला तरी त्यातून नटांच्या पदरात पडण्यासारखे काही नव्हते. चित्रपट अमर व्हायचा आणि नट उपाशी राहायचा हाही एक प्रकार असतो.

सत्तरीच्या मध्यावर मेरी लॉस एंजेलिसला आली. इथे तिच्या गोष्टीतला दुसरा कारखाना लागतो. रॉजर कॉर्मन हे नाव चित्रपटप्रेमींनी ऐकलेले असेल. २०२४ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो वारला. १९७० मध्ये त्याने न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही कंपनी काढली. मोटारीत बसून पाहायच्या उघड्या थिएटरांसाठी झटपट, स्वस्त, मारामारीचे चित्रपट काढायचे हा धंदा. त्याच पैशातून तो बर्गमन आणि फेलिनीचे चित्रपट अमेरिकेत आणून दाखवी. कोपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरॉन यांनी सुरुवातीची उमेदवारी याच्याच हाताखाली केली. कॉर्मन पैसे कमी देई, पण देई. दिवस मोजून काम होई. फॅक्टरीत वेळेला किंमत नव्हती, कॉर्मनकडे तिच्याशिवाय कशालाच नव्हती.

तिथे मेरीला तिचा खरा जोडीदार भेटला, दिग्दर्शक पॉल बार्टेल. त्याने १९७५ मध्ये 'डेथ रेस २०००' काढला. भविष्यातली अमेरिका, देशभर चालणारी मोटारींची शर्यत, आणि रस्त्यावरचा माणूस चिरडला की गुण! डेव्हिड कॅराडाइन नायक आणि त्याचा वैरी सिल्व्हेस्टर स्टॅलन, जो तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. त्याचा 'रॉकी' पुढच्या वर्षी यायचा होता. मेरीने यात कॅलॅमिटी जेन ही काऊगर्लच्या वेषातली चालक रंगवली. गंमत म्हणजे तिला मोटार चालवता येत नव्हती. गाडी दुसरीकडून ओढून तिचे चित्रण करावे लागले. पडद्यावर ते कळत नाही. चक्रावर हात ठेवून ती अशी बसते की रस्ता तिच्या बापाचा आहे.

पुढच्या वर्षीच्या 'हॉलिवूड बुलेव्हार्ड'ची कथा आणखी मजेशीर आहे. जो डान्टे आणि ॲलन आर्कुश ही कॉर्मनच्या कंपनीत जाहिरातफितींचे संकलन करणारी दोन पोरे. कंपनीचा सर्वांत स्वस्त चित्रपट काढून दाखवतो, अशी पैज त्यांच्या निर्मात्याने लावली. दहा दिवस आणि साठ हजार डॉलर मिळाले. मग त्यांनी कॉर्मनच्या जुन्या चित्रपटांतले स्फोट, पाठलाग, मारामाऱ्या उचलल्या आणि त्यांच्या मधल्या जागा नव्या दृश्यांनी भरल्या. चित्रपटाचा विषयही हाच, स्वस्त चित्रपट काढणारी कंपनी! मेरी त्यातली मत्सरी, भपकेबाज नटी झाली. स्वतःच्याच दुनियेची थट्टा ती इतक्या गंभीर चेहऱ्याने करते, की हसता हसता आपण तिच्या पात्राची कीवही करतो.

१९७९ सालचा आर्कुशचा 'रॉक अँड रोल हायस्कूल' हा मेरीचा सर्वांत लाडका ठरलेला चित्रपट. रामोन्स या वाद्यवृंदाच्या नादी लागलेली शाळकरी पोरे एका बाजूला आणि नव्या मुख्याध्यापिका मिस टोगार दुसऱ्या बाजूला. या बाई रॉक संगीताचा परिणाम पाहायला उंदरांवर प्रयोग करतात आणि पोरांच्या तबकड्या जाळतात. अखेर पोरे शाळाच उडवून देतात. लॉस एंजेलिसमधली एक बंद पडलेली, पाडायला काढलेली शाळा यासाठी मिळाली होती. चित्रपट सुरुवातीला फारसा चालला नाही, मग मध्यरात्रीच्या खेळांनी त्याला उचलून धरले. मिस टोगार ही व्यंगचित्रासारखी भूमिका. दुसरी कोणी असती तर आरडाओरडा करून मोकळी झाली असती. मेरी ओरडत नाही. ती मान ताठ ठेवते, शब्द सावकाश उच्चारते आणि भुवई किंचित उचलते. तेरा वर्षांपूर्वीची हनोई हॅनाच ही, फक्त आता आपण तिला हसतो. तेहतीस मिनिटांच्या रिळांतली ती तालीम फुकट गेली नव्हती.

यातून एक धोका मात्र उद्भवला, जो सगळ्या चरित्र अभिनेत्यांना छळतो. निर्मात्यांना तिच्यात फक्त दरडावणारी बाई दिसू लागली. १९७६ मध्ये 'चार्लीज एंजल्स' या लोकप्रिय मालिकेत तिला बोलावले ते तुरुंगातली क्रूर पहारेकरीण म्हणून. उंची, जबडा, नजर हेच तिचे भांडवल आणि हीच तिची कोठडी.

ती कोठडी फोडली बार्टेलने. १९८२ सालचा 'ईटिंग राऊल'. पॉल आणि मेरी ब्लँड हे एक सालस, सोवळे जोडपे. तो दारूच्या दुकानातला नोकर, ती रुग्णालयातली परिचारिका. दोघे झोपायचे वेगळ्या पलंगांवर. गावाकडे एक छोटे, घरगुती हॉटेल काढायचे एवढेच त्यांचे स्वप्न, आणि त्यासाठी पैसा नाही. इमारतीत मात्र स्वैर पार्ट्यांना ऊत आलेला. एक झिंगलेला शेजारी मेरीच्या अंगचटीला येतो, पॉल त्याच्या डोक्यात तवा घालतो आणि त्याच्या खिशात पैसे सापडतात! इथून पुढे हे सज्जन जोडपे तव्याच्या जोरावर हॉटेलसाठी भांडवल जमवू लागते. राऊल नावाचा चोर त्यात भागीदार होतो, आणि त्याचे अखेर काय होते हे शीर्षकातच आहे.

कथा ऐकून तुम्ही नाक मुरडाल. कॉर्मननेही पैसे द्यायला नकार दिला होता. मग बार्टेलच्या आईवडिलांनी आपले घर विकून मुलाच्या हातात पैसा ठेवला. इतरांच्या चित्रीकरणातून उरलेल्या फिल्मचे तुकडे मिळवून, पैसे असतील तेव्हा, शनिवार-रविवार गाठून मित्रांनी काम केले. त्याला जवळपास वर्ष लागले. तयार झाल्यावर हा चित्रपट न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि फॉक्ससारख्या बड्या कंपनीच्या शाखेने तो वितरणासाठी घेतला.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. चित्र मधूनमधून नाचत होते. मला खुनांपेक्षा लक्षात राहिली ती नवरा-बायकोची माया. स्वयंपाकघरात हिशेब करताना, वाइनच्या बाटलीचे कौतुक करताना, एकमेकांना धीर देताना ही दोघे इतकी खरी वाटतात की आपण नकळत त्यांच्या बाजूने होतो. मेरी यात दरडावत नाही. ती मऊ आहे, लाजते, घाबरते, नवऱ्यावर जीव टाकते. आणि पैशापुढे माणूस किती सहज वाहवत जातो हेही ती हसतमुखाने दाखवते. अनेकांना ही दोघे खरेच नवरा-बायको वाटत. तसे नव्हते, बार्टेल समलिंगी होता आणि ती केवळ मैत्री होती. पण एवढी टिकाऊ मैत्री की दोघांनी मिळून सतरा चित्रपटांत काम केले. १९८६ च्या 'चॉपिंग मॉल'मध्ये तर दुसऱ्याच दिग्दर्शकाने या ब्लँड जोडप्याला दोन घटका पाहुणे म्हणून बोलावले. २००० साली बार्टेल गेला. एकसष्टाव्या वर्षी.

यानंतरची कामे भराभर सांगते. 'नाइट ऑफ द कॉमेट', 'वॉरलॉक', 'डिक ट्रेसी'मधली ओझरती भूमिका, १९९२ मध्ये ग्रेग अराकीचा 'द लिव्हिंग एंड', २००९ मध्ये टी वेस्टचा 'द हाउस ऑफ द डेव्हिल'. शेवटची दोन नावे महत्त्वाची. हे तरुण दिग्दर्शक तिचे जुने चित्रपट पाहून वाढलेले होते. तिला बोलावणे हे त्यांच्या दृष्टीने घरातल्या वडीलधाऱ्यांना पान मांडण्यासारखे होते. कल्टचा हा एक लाभ. उशिरा का होईना, पण हाक येते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. वॉरहॉलने सत्तरीच्या सुरुवातीला आपले चित्रपट प्रदर्शनातून काढून घेतले. पुढची कित्येक वर्षे 'चेल्सी गर्ल्स' हे चित्रपटांच्या पुस्तकांतले नुसते नाव राहिले. आमच्यासारख्या फिल्म सोसायटीवाल्यांनी तो वर्णनांतूनच 'पाहिला' होता. म्हणजे ज्या कामाने मेरीचे नाव झाले ते कामच दिसेनासे झाले, आणि त्यावर तिचा काही इलाज नव्हता. १९८७ मध्ये वॉरहॉल वारल्यावर न्यूयॉर्कच्या दोन संग्रहालयांनी, व्हिटनेने आणि आधुनिक कलेच्या संग्रहालयाने, हे चित्रपट जतन करून हळूहळू परत लोकांसमोर आणले. २०२२ मध्ये वॉरहॉलने १९६४ साली केलेले मॅरिलिनचे एक चित्र लिलावात सुमारे साडेएकोणीस कोटी डॉलरला गेले. त्याच स्टुडिओत, त्याच काळात, दिव्याखाली पापणी न लववता बसलेल्या मुलामुलींना काय मिळाले, याचा हिशेब कोणत्या लिलावात निघणार?

मेरीने स्वतःपुरता तो हिशेब काढला, आणि तो कोर्टात काढला नाही. ती मुळात चित्र-शिल्पाची विद्यार्थिनी. ती पुन्हा चित्रे काढू लागली आणि लिहू लागली. १९९५ मध्ये फॅक्टरीतल्या वर्षांवरचे तिचे 'स्विमिंग अंडरग्राउंड' हे पुस्तक आले. पुढे कथा-कादंबऱ्याही आल्या. आठवणींच्या या पुस्तकात रडगाणे नाही आणि वॉरहॉलची आरतीही नाही. नशेच्या रात्री, भ्रम, क्रूर चेष्टा, मैत्री आणि विश्वासघात, सगळे ती त्याच थंड नजरेने सांगते आणि स्वतःलाही सोडत नाही. त्या मंडळीवर पुस्तके पुष्कळ निघाली. बाहेरच्यांनी लिहिली, जिवंत नसलेल्यांबद्दल लिहिली. खुर्चीवर बसलेल्या मुलीने स्वतः लेखणी घेऊन कॅमेऱ्यामागच्या माणसाचे वर्णन करावे, असे क्वचितच घडले.

मला वाटते तिच्या कारकिर्दीचा अर्थ इथे आहे. फॅक्टरीने तिला नाव दिले पण मोल दिले नाही. कॉर्मनने मोल दिले, पण मोजून. बार्टेलने मैत्री दिली आणि तिच्या कामात जिव्हाळा आणला. या तिन्ही ठिकाणी चित्रपट मात्र दुसऱ्याचा होता. आपली म्हणता येईल अशी गोष्ट तिने सर्वांत शेवटी, एकटीने, कागदावर केली.

'अंडरग्राउंड', 'कल्ट' असे शब्द ऐकले की आपण भारावतो, आणि ते योग्यही आहे. त्या मोकळेपणातून पुष्कळ चांगले निघाले. पण पुढच्या वेळी असा एखादा चित्रपट पाहाल तेव्हा दिग्दर्शकाच्या नावाशी थांबू नका. कोपऱ्यात ताठ मानेने उभी असलेली ती बाई कोण, तिचे नाव श्रेयनामावलीत कितव्या ओळीत आहे, तेवढे जरूर पाहा.